चिप कुठं वळते ते बघायचं होतं

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या टूलरूममध्ये दरवर्षी आयटीआय झालेली पोरं ट्रेनी म्हणून येतात, बरीचशी पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची, आणि हल्ली येतानाच त्यांना इतकं माहीत असतं की मला खरंच कौतुक वाटतं. आम्ही कामाला लागलो तेव्हा मशीनचं मॅन्युअल कपाटात कुलूपबंद असायचं, जुना मिस्त्री खुशीत असला तर चार गोष्टी सांगायचा, नाहीतर सेटिंग करताना पाठ फिरवून उभा राहायचा म्हणजे आम्हाला दिसू नये. ते कुलूप आता राहिलं नाही. इन्सर्टचे (हत्यारावर बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याचे) ग्रेड, टूल ऑफसेट, थ्रेडिंगची सायकल, सगळं फोनवर आहे, हिंदीत आहे, मराठीतही सापडतं आणि फुकट. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, तेव्हापासूनचा हा बदल मी डोळ्यांनी बघितलाय. ज्याच्या घरात कुणी कधी लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) बघितलेलं नाही तो पोरगा परदेशातल्या वर्कशॉपमधलं पाच अॅक्सिसचं मशीन कसं चालतं ते बघून आलेला असतो. ही मला फार मोठी गोष्ट वाटते, त्यामुळे मोबाईलनं पिढी वाया गेली हे जे जिथंतिथं ऐकू येतं त्याला मी मान डोलावत नाही.

अडचण पुढं सुरू होते. फोर जॉ चकमध्ये, म्हणजे लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) ट्रू करायला, म्हणजे बरोबर मध्यावर आणायला दिला की सुरू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चकला चार जॉ असतात, चारही वेगवेगळे सरकतात. गोल जॉब त्यात धरायचा, डायल (बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापक) टेकवायचा, चक हातानं सावकाश फिरवायचा आणि काटा कुठं सगळ्यात पुढं जातो, कुठं मागं येतो ते बघायचं. समोरासमोरचे दोन जॉ एका वेळी घ्यायचे, एक जरा सैल करायचा, दुसरा आवळायचा, आणि जेवढा फरक दिसला त्याच्या निम्मंच सरकवायचं. मग उरलेली जोडी. मग परत पहिली. डायलचा एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. हे वाचायला अर्धा मिनिट लागतं, व्हिडिओ बघायला चार मिनिटं, आणि नव्या पोराला पहिल्यांदा करायला जेवणाची सुट्टी संपून जाते. कारण काटा उजवीकडं गेला की तो पूर्ण फरक एकदम काढायला जातो, मग काटा डावीकडं पळतो, मग घाईत दुसऱ्या जोडीला हात घालतो आणि आधीची जमलेली बिघडते. आणि शेवटच्या एक-दोन घरांना किती आवळायचं हे मनगटाला कळावं लागतं, ते कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही कारण ते दिसण्यासारखं नसतंच.

पोराचा चेहरा उतरतो ते मला बघवत नाही. तो म्हणतो, सर मी हे बघितलं होतं, मला येतं हे. तो खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून वाटत असतं की येतं. शिकागो युनिव्हर्सिटीतल्या मायकल कार्डास आणि एड ओब्रायन या दोघांनी नेमका याच गोष्टीवर अभ्यास केला होता, २०१८ मध्ये छापून आला. टेबलावरच्या ताटवाट्या न हलवता खालचं कापड ओढून काढायची ती युक्ती असते ना, त्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघितलेल्यांना आपल्याला हे जमेल असं जास्त वाटलं. मूनवॉकचं, डार्ट मारायचं, असंच. प्रत्यक्ष करायला लावलं तेव्हा वीस वेळा बघणारे एकदा बघणाऱ्यांपेक्षा सरस निघाले नाहीत. मला त्यातला जगलिंगचा (वस्तू हवेत उडवत झेलत राहायचा) भाग सगळ्यात जास्त पटला. लोकांना जगलिंग करायलाही लावलं नाही, नुसत्या त्या पिना हातात धरायला दिल्या, आणि तेवढ्यानंच त्यांचा तो खोटा भरवसा उतरला. वजन हाताला लागलं ना. आमच्याकडं चकची चावी हातात दिली की अगदी हेच होतं, आणि म्हणून मी हल्ली पहिल्याच दिवशी देतो, लेक्चर नंतर.

लक्ष टिकण्याचा मुद्दा इथंच येतो. काटा बघत चक फिरवत राहायचं म्हणजे काहीही घडत नसताना बघत राहायचं, आणि हे नव्या पोरांना फार जड जातं, आमच्या वयाच्यांनाही जड जायला लागलंय हे मी माझ्या सोबत्यांकडं बघून सांगतो. कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क ऑफिसमधली माणसं स्क्रीनवर एका गोष्टीवर किती वेळ टिकतात हे वर्षानुवर्षं मोजत आल्यात. २००४ च्या सुमाराला हा वेळ सरासरी अडीच मिनिटं होता, अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंदांवर आलाय. त्या ऑफिसातल्या माणसांच्या मोजण्या आहेत, आमच्या शॉपवरच्या नाहीत, पण आकडा वाचला तेव्हा मला लगेच डायलचा काटा आठवला, कारण ४७ सेकंदांत तर चकच्या दोन-तीन फेऱ्यासुद्धा नीट होत नाहीत.

आणि गावाकडची पोरं यापासून लांब आहेत असंही नाही. असर ही मुलांच्या शिक्षणाची पाहणी, तिचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे, त्यात १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं की मागच्या आठवड्यात फोन कशासाठी वापरला. अभ्यासाशी संबंधित कामासाठी म्हणणारे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी म्हणणारे ७६ टक्के. बऱ्याच जणांनी हा दुसरा आकडा उचलला आणि कपाळाला हात लावला. मी पहिल्या आकड्याकडं बघतो. निम्म्याहून जास्त पोरं अभ्यासासाठी फोन उघडतायत, ज्या गावांत वाचनालय नाही तिथली पोरं. नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, सुरगाण्याच्या पाड्यावर काय होतं? म्हणून मला फोन काढून घ्या हे उत्तर पटत नाही. प्रश्न असा आहे की फोन उघडताना पोराच्या डोक्यात काही विचारायचं असतं की नसतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

आमच्याकडं एका शाफ्टवर (गोल दांड्यावर) खोल ग्रूव्ह, म्हणजे खाच, काढायचं काम होतं. ग्रूव्हिंगचा इन्सर्ट सारखा तुटत होता. म्हणजे दहा-बारा जॉब चांगले जायचे आणि मग अचानक टक, गेला. फीड कमी करून बघितला, स्पीड बदलला, दुसरा ग्रेड आणला, सप्लायरचा माणूस येऊन गेला. चिप, म्हणजे कापताना निघणारी धातूची साल, गुंडाळते आणि अडकते एवढं सगळ्यांना कळत होतं, पण आत नेमकं काय होतंय ते दिसत नव्हतं कारण ते डोळ्याला दिसण्याच्या वेगाचं नाहीच.

एक ट्रेनी आहे, कमी बोलणारा, त्यानं फोन मशीनच्या दाराच्या काचेला टेकवून स्लो मोशनमध्ये शूट केलं. आधी हिशोब केला, तो त्यानं मला रफ पानावर दाखवला. स्पिंडल १२०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २० फेरे. फोनचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमचा. म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात १२ फोटो. सर, बारा पुरतील का? पुरतील का ते मलाही सांगता येईना, म्हटलं काढून बघ. पहिल्या क्लिपमध्ये नुसतं पांढरं पाणी. काचेच्या आतून कूलंट, म्हणजे कापताना थंड ठेवणारं पाणी, उडत होतं. मग सुपरवायझरला विचारून कूलंट जरा कमी केलं, काच साफ केली, आणखी क्लिप. मग लाइट कमी पडला, कारण स्लो मोशनला उजेड जास्त लागतो, म्हणून बाजूच्या मशीनवरचा हॅंडलॅंप आणला. अशा बऱ्याच क्लिप झाल्या, आणि मग एक अशी मिळाली की जिच्यात इन्सर्ट तुटायच्या आधीचे दोन-तीन सेकंद स्वच्छ होते.

ती क्लिप घेऊन तो जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसला होता. मान खाली, अंगठा स्क्रीनवर, लांबून बघणाऱ्याला रील बघतोय असंच वाटावं. पण तो ते दोन-तीन सेकंद पुढं, मागं, पुढं, मागं करत होता आणि मधेच वहीत बाण काढत होता. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणाला, सर हे बघा, पाणी चिपच्या पाठीवर पडतंय, कटिंगच्या जागी पोचतच नाही. आणि चिप इथं वळते, बाहेर यायच्या ऐवजी ग्रूव्हच्या भिंतीला लागून परत आत जाते. मी दोनदा बघितलं तरी दिसेना. तिसऱ्यांदा त्यानं बोट ठेवून फ्रेम थांबवली तेव्हा दिसलं. कूलंटची तांब्याची नळी वरून सरळ येत होती. ती त्यानं वाकवून बाजूनं, जरा खालून घेतली आणि टोक चेपून धार बारीक केली. इन्सर्ट तुटायचं जवळजवळ थांबलं. पैसे शून्य.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की हा उपाय कुठल्याही व्हिडिओत नव्हता. ग्रूव्हिंगमध्ये कूलंट कटिंगच्या जागी पोचलं पाहिजे हे हजार ठिकाणी लिहिलेलं आहे, त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. आमच्या मशीनवर, आमच्या नळीतून, या जॉबवर ते पोचत नाही, ही नवी माहिती होती आणि ती बघत बसल्याशिवाय कुणाला मिळणार नव्हती. फोन त्यानंही वापरला. पण त्यानं तो स्वतःचा प्रश्न घेऊन उघडला होता.

आमच्या कंपनीतून पाथर्डी फाट्याकडं आलं की पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक लागतं. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, १८७० चा जन्म. भारताचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा त्यांनी १९१३ मध्ये काढला हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आधीची वाटाण्याची गोष्ट मी आता प्रत्येक बॅचला सांगतो. १९१२ मध्ये ते लंडनहून शिकून आले, कॅमेरा मिळवला, पण भांडवल घालायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे लावले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून जास्त काळ ते रोप वाढताना थोडं थोडं टिपत राहिले. सगळं मिळून फिल्म झाली मिनिटाच्या जरा वर. बी फुटतंय, कोंब येतोय, वेल वर चढतोय. ती बघून पैसे घालणारी माणसं मिळाली. त्याआधी सिनेमाचा अभ्यास करताना झोप नाही, रोज तासन्‌तास सिनेमे बघणं, यात त्यांची दृष्टी काही काळ जवळपास गेली होती, डॉक्टरांच्या उपचारांनी परत आली.

कॅमेरा इंग्लंडचा. तंत्र तिकडचं. फाळक्यांनाही माहिती बाहेरूनच आली होती, पुस्तकांतून, मासिकांतून, तिकडच्या माणसांकडून. आज आपल्याला ती फोनवर येते, हजारपट जास्त येते, एवढाच फरक. पण त्या कुंडीसमोरचा महिना कुणी पाठवून दिला नव्हता. आणि आज टाइमलॅप्स फोन आपोआप करतो हे चांगलंच आहे, माझं म्हणणं एवढंच की कुंडी लावायचं मनात यायला पाहिजे.

याची दुसरी बाजू सांगायची तर नाशिकचेच रमेश रासकर. एमआयटी मीडिया लॅबमध्ये त्यांच्या गटानं २०११ मध्ये प्रकाशाचा प्रवास टिपणारा कॅमेरा दाखवला, सेकंदाला सुमारे एक लाख कोटी फ्रेमच्या वेगाचा. प्लॅस्टिकच्या बाटलीतून प्रकाश पुढं सरकताना त्यात दिसतो, अक्षरशः सरकताना. मी पोरांना तो दाखवला तेव्हा सगळे गप्प झाले होते. पण त्यातली खरी गंमत आहे ती अशी की हा कॅमेरा एका वेळी चित्राची एकच बारीक रेघ टिपतो. म्हणून तीच प्रकाशाची झुळूक परत परत सोडायची, परत परत टिपायची आणि मग जोडायचं. बाटलीतून प्रकाश जायला एक नॅनोसेकंद, आणि त्या चित्रासाठी माहिती गोळा करायला जवळजवळ एक तास. रासकर स्वतःच त्याला जगातला सगळ्यात संथ वेगवान कॅमेरा म्हणाले होते. आमचा ट्रेनी हे ऐकून म्हणाला, म्हणजे त्यांना पण बऱ्याच क्लिप घ्याव्या लागल्या. हो बाबा, घ्याव्या लागल्या.

रासकरांच्याच पुढाकारानं २०१५ च्या कुंभाआधी नाशिकमध्ये कुंभथॉन, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधायचा उपक्रम, झालं, त्यातून गर्दीचा अंदाज घेणारी एक चटई तयार झाली, अशिओटो नावाची, तिच्यावरून चालणाऱ्यांची पावलं मोजायची. ती करणाऱ्यांत नाशिकचा एक शाळकरी मुलगा होता. २००३ च्या कुंभात इथं चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली होती. सेन्सर जगात कुठंही मिळतो, पण हे दुःख ज्या गावाचं त्या गावातल्या मुलाला ते सोडवावंसं वाटलं, मला यात सगळं आलं असं वाटतं.

शेतात पण हेच चित्र आहे. माझ्या दाजींची पिंपळगाव बसवंतकडं द्राक्षबाग आहे. बागेत हवामानाचं यंत्र बसवलंय, तापमान, आर्द्रता, पानावरचा ओलावा, सगळं मोबाईलवर येतं, आणि छाटणीनंतरच्या दिवसांत डाऊनीचा (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा) धोका किती तेही सांगतं. पूर्वी ढग आले की फवारणी, शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारलं, असं चालायचं. त्यातल्या काही फवारण्या आता वाचतात, त्यात पैसा वाचतो आणि अंगावर येणारं औषधही. पण दाजी सकाळी बागेत जाऊन पानं उलटी करून बघायचं सोडत नाहीत. डाऊनी वरून तेलकट पिवळा डाग दाखवतो आणि खालून पांढरी बुरशी, ते खालचं बघायला वाकावंच लागतं. त्यांच्या लक्षात आलं की नाल्याकडच्या ओळींत दव उशिरापर्यंत राहतं आणि यंत्र उभं आहे वरच्या कोरड्या अंगाला. ते यंत्र त्यांनी खाली हलवून घेतलं. माझा भाचा उलट पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, मग पाच जण पाच औषधं सांगतात आणि त्याला कळत नाही कुणाचं ऐकू. तो आळशी आहे असं नाही, दिवसभर राबतो. पण पान उलटं करायच्या आधी फोटो काढतो.

आणि द्राक्षातल्या जाती कशा आल्या ते बघा ना. तास-ए-गणेश ही तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांनी पुढं आणलेली, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. दोन्ही थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीतूनच निवडलेल्या. हजारो वेलींत काही मणी वेगळे आहेत हे दिसायला बागेत रोज फिरणारा डोळा लागतो. त्या दोघांनी जे बघितलं त्यावर नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटली.

एआयचं विचारतात मला लोक, की आता तुमचे प्रोग्रॅमरपण जाणार का. काय होईल ते होईल, मी जे बघितलं ते सांगतो. पोरं एआयला ड्रॉइंगची मापं देऊन प्रोग्रॅम लिहून घेतात, आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. आमच्या एका मशीनचा कंट्रोल जुना आहे, त्याला रफिंगची (जास्तीचा धातू भराभर काढायची) G71 नावाची सायकल एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच ओळीत, लागते, एआयनं दिली दोन ब्लॉकची, नव्या कंट्रोलसारखी. मशीननं अलार्म दिला. एकानं तोच प्रश्न एआयला परत परत विचारला, दरवेळी नवा प्रोग्रॅम, दरवेळी अलार्म. दुसरीनं (हो, आमच्याकडं आता मुलीही येतात, आणि सेटिंगला त्यांचा हात फार चांगला बसतो) प्रोग्रॅम ओळीनं वाचला, अलार्म कुठल्या ओळीवर आला ते बघितलं, मॅन्युअलमधलं पान काढलं आणि मग एआयला सांगितलं की एका ब्लॉकची सायकल दे. एका वाक्यात काम झालं. फरक हाच, की तिला वाचता येत होतं.

म्हणून मी एक सवय लावायचा प्रयत्न करतोय. काही अडलं की सर्च करायच्या आधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा, चुकला तरी चालेल, मग सर्च करायचं, व्हिडिओ बघायचा, एआयला विचारायचं, हवं ते. आधी अंदाज केलेला असला तर, तो चुकीचा असला तरीसुद्धा, नंतर कळलेलं बरोबर उत्तर जास्त लक्षात राहतं, असं मानसशास्त्रातल्या प्रयोगांतही दिसलंय. पोरं सुरुवातीला कंटाळतात. मग एखाद्याचा अंदाज बरोबर निघतो आणि तो सगळ्या शॉपला वही दाखवत फिरतो.

मधे मॅनेजमेंटकडून विषय निघाला की फोन गेटवरच जमा करायचे. सेफ्टीच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे, चालत्या मशीनजवळ कानात इअरफोन घालून उभं राहिलेलं पोरगं बघून माझ्याही पोटात गोळा येतो. पण मग ती ग्रूव्हची क्लिप कुणी काढली असती? म्हणून मी लेखी दिलंय की सगळ्यांचे फोन खुशाल गेटवर ठेवा, पण टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, शॉपचा म्हणून एक फोन घ्या, चांगल्या स्लो मोशनचा, सिम न घालता, आणि तो मायक्रोमीटरसारखा रजिस्टरवर सही करून इश्यू करा, काय बघायचंय ते सहीच्या पुढच्या रकान्यात लिहायचं. सोबत एक स्टँड आणि एक चांगला लाइट. खर्च दोन-चार बॉक्स इन्सर्टच्या वर जात नाही. क्वालिटीवाल्यांनी पाठिंबा दिलाय, परचेसचं उत्तर यायचंय. तोपर्यंत त्या ट्रेनीनं रजिस्टरचा रकाना स्वतःच आखलाय आणि त्यात पोरांनी लिहायला सुरुवातही केलीय: ड्रिल ब्रेक होताना आधी कुठून हलतं, टॅप परत येताना चिप कुठं जाते, चॅटर (थरथर) सुरू व्हायच्या क्षणी टूल हलतं की जॉब.